पाचवा ‘का?’

१२ ऑक्टोबर, रविवार

ही डायरी जानेवारीत एका सप्लायरने दिली होती. पहिल्या पानावर नाव, पत्ता, रक्तगट सगळं मन लावून भरलं, आणि पुढे नऊ महिने एक अक्षर लिहिलं नाही. म्हणजे मला अपघात झाला तर रक्त मिळेल, पण मी जगलो कसा ते कुणाला कळणार नाही. आज १ जानेवारीवर काट मारून वर १२ ऑक्टोबर लिहिलं. नवी वही आणायची म्हणजे रहाटणी चौकापर्यंत जावं लागतं.

झालं ते असं. काल जेवताना विजू वरणभात कालवत म्हणाली, “पप्पा, मी अग्निवीरची लेखी पास झाले. मिलिटरी पोलीसमध्ये. आता मैदानी बाकी आहे.” विजू म्हणजे आमची एकुलती एक विजयश्री, वय एकोणीस, बी.कॉम.चं दुसरं वर्ष. साधनाच्या हातातली पळी हवेतच राहिली. आम्ही समजत होतो पोरगी सहा महिने बँकेच्या क्लासला जातेय. नवराबायको दोघंही हुशार, त्यामुळे एकालाही संशय आला नाही.

मोशीला कुणी रिटायर सुभेदार अकॅडमी चालवतात, ही तिथं जात होती. मैदानीच्या आधी महिनाभर तिथं राहून सराव करायचा, आणि त्यासाठी पालकांची सही लागते. तीस तारीख शेवटची. फॉर्म तिने माझ्या ताटाशेजारी ठेवला. त्यात एक रकाना आहे, ‘आपण पाल्यास सैन्यात का पाठवू इच्छिता?’ वा रे वा! मी इच्छितोय असं धरूनच चाललेत.

मी म्हटलं, “अगं, चार वर्षांची नोकरी. पुढे चौघांतल्या एकाला ठेवतात. आणि मिलिटरी पोलीस म्हणजे काय, गेटवर उभं राहायचं. गेट आमच्या कंपनीला पण आहे. चांगली दोन आहेत.” साधना हसली. विजू हसली नाही.

“आधी कारण सांग,” मी म्हटलं. “कारण कळल्याशिवाय मी सही करत नाही. कंपनीत चोवीस वर्षांत नाही केली.”

“मग तुम्हीच शोधा की. रोज व्हाय-व्हाय करता ना?”

घ्या! आमचंच हत्यार आमच्यावर. मी चाकणला एका कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला आहे. गिअर मोजतो. एखादा गिअर बिघडला की आम्ही त्याचं व्हाय-व्हाय करतो, म्हणजे एकामागून एक पाच वेळा ‘का?’ विचारायचं. पाचव्याला खरं मूळ सापडतं असं जपानी लोक म्हणतात. जपानी लोक आमच्या कंपनीत नाहीत. आम्ही तिसऱ्या ‘का’ला थांबतो आणि ‘ऑपरेटरला समज दिली’ असं लिहून मोकळे होतो. कारण चौथा ‘का’ साहेबाच्या केबिनकडे जायला लागतो. या कामात मला दोनदा बक्षीस मिळालंय, स्टीलची बाटली.

ठीक आहे. अठरा दिवस आहेत. पोरीचं मूळ कारण शोधून काढतो.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

बसमध्ये ज्योतीरामला सांगितलं. तो ग्राइंडिंगला असतो, माझ्याच बॅचचा. ऐकल्या ऐकल्या म्हणाला, “उद्धवराव, प्रेमप्रकरण. लिहून ठेवा.” त्याच्या मते जगात सगळं प्रेमप्रकरणानेच होतं. गेल्या महिन्यात कंप्रेसर बंद पडला तेव्हाही त्याला तोच संशय होता.

तरी संध्याकाळी मी विजूला आडून विचारलं, “तुझ्या ओळखीचं कुणी आहे का गं फौजेत?”

“नाही.”

“जाणार असलेलं?”

“पप्पा, मुलगा नाहीये कुणी. असता तर लग्न केलं असतं आणि तुम्हाला बँकेत आहे म्हणून सांगितलं असतं.”

पहिला ‘का’ रद्द.

सुटताना गेटवर ऋतिकलाही विचारलं. ऋतिक म्हणजे आमचा गार्ड, इथल्याच गावातला, बावीसचा असेल. तीनदा भरतीला जाऊन आलाय. माझा डबा उघडून आत बॅटरी मारता मारता म्हणाला, “काका, खरं सांगू? लगीन जमतं. शेती हाय म्हटलं की पोरगी न्हाई म्हनते, कंपनीत कंत्राटी म्हटलं की बाप न्हाई म्हनतो. फौजीला कोनीबी देतं.” मग स्वतःच्या निळ्या शर्टाकडे बघून म्हणाला, “वर्दीची हौस व्हती, ती भागली म्हना.”

मी म्हटलं, “नीट बघ रे, मेथीखाली गिअरबॉक्स लपवलाय.” मागची सगळी लाइन हसली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार, सुट्टी

आज मी जे केलं ते लिहायला लाज वाटते, पण डायरीला दुसरा काही उपयोग नाही.

मुलींना एकशे बासष्ट सेंटिमीटर उंची लागते. सकाळी विजूला भिंतीला उभं केलं, डोक्यावर काटकोनासाठी गुण्या धरला, पेन्सिलीने खूण केली आणि टेपने मोजलं. १६२.४. मी बोललो, “एकसष्ट पॉइंट आठ. गेली बाई, दोन मिलिमीटरने गेली.” आणि चेहरा पाडला. चेहरा छान पडला होता माझा.

विजू भिंतीपासून हललीच नाही. “आईला वाचू दे.”

साधनाने चष्मा लावून वाचलं, “एकशे बासष्ट आणि वर चार रेघा.” मग माझ्याकडे बघितलं. आत जाऊन कुकर लावला.

जन्मभर लोकांचे दशांश तपासले आणि पहिल्यांदा स्वतः खोटं रीडिंग दिलं, तर दोन मिनिटांत पकडलो गेलो. चोरी करायलाही हात बसलेला लागतो. विजू म्हणाली, “पप्पा, मी खोटी उंची सांगून आत गेले असते तर चाललं असतं का तुम्हाला?” मी म्हटलं, “टेप जुनी आहे.” दुपारभर कुणी माझ्याशी बोललं नाही. टीव्हीसुद्धा मीच लावला आणि मीच बंद केला.

१९ ऑक्टोबर, रविवार

आजचा किस्सा भारी झाला.

कंपनीने दिवाळीचा पुडा दिला. अर्धा किलो काजूकतली, वर कंपनीचा शिक्का, चारही बाजूंनी चिकटपट्टी. आमच्याकडे दोन गेटं आहेत. एक नंबर साहेबांच्या गाड्यांना, दोन नंबर आम्हाला. दोन नंबरला रांग लागलेली. ऋतिक म्हणाला, “काका, पुडा उघडा.”

“अरे, तुझ्याच कंपनीने आत्ता दिलाय. शिक्का बघ.”

“रूल हाय काका. आमी तरी काय करनार?”

उघडला. कंपनीने दिलेला पुडा कंपनीनेच तपासला. मी म्हटलं, “नीट बघ बाबा, एखादा गिअर असेल चांदीचा वर्ख लावून.” हसून हसून लोक वाकले. ज्योतीराम म्हणाला, उद्धवराव आहेत म्हणून गेट सुसह्य आहे. माझं नाव आहे तिथं. कुणीही विचारा.

पण माझा सर्वांत गाजलेला विनोद गेल्या वर्षीचा. तेव्हा आतून कार्बाइडचे इन्सर्ट, म्हणजे धातू कापायची नखाएवढी पाती, गायब व्हायला लागले होते, महागडे असतात. एक दिवस रविराज साहेब स्वतः दोन नंबरला आले. सगळ्यांना रांगेत उभं केलं, खिसे उलटे, बूट काढून हातात. मे महिना, फरशी तापलेली. साहेब माझ्या मुलाच्या वयाचे असतील, मला मुलगा असता तर. मला म्हणाले, “ए, मोजे पण.” मी मोजे काढले आणि म्हटलं, “साहेब, इन्सर्ट नेला असता हो, पण मोज्याला भोक आहे. घरी पोचेपर्यंत राहिला नसता.” साहेबसुद्धा हसले! ती गोष्ट अजून कँटीनमध्ये सांगतात.

बारावीचा निकालही त्याच दिवशी होता. बाहेर आलो तर समोर वडापावच्या गाडीपाशी विजू, हातात पेढ्यांचा बॉक्स. चौऱ्याऐंशी टक्के. एकटी बस बदलून बदलून चाकणला आली होती मला सांगायला. मी विचारलं, “कधी आलीस?” म्हणाली, “आत्ताच.” पेढे मात्र उन्हाने पार मऊ झाले होते.

तर, काजूकतलीचा किस्सा घरी अभिनयासकट सांगितला. साधनाला हसता हसता ठसका लागला. विजू मध्येच उठून गॅलरीत आकाशकंदील लावायला गेली. कंदील कालच लावलाय. सरावाने थकत असेल पोरगी.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

मोशीला जाऊन अकॅडमी बघून आलो. मूळ कारण शोधायचं तर मशीनपाशी गेलं पाहिजे, केबिनमध्ये बसून कळत नाही. मनात दुसरंच होतं. जागा भिकार निघावी, म्हणजे सही टाळता येईल.

जागा साधी आहे, पण झाडलेली. सुभेदार मालोजी साठीचे, ताठ. भाऊबीज असूनही वीसेक पोरी मैदानात. सोळाशे मीटर साडेसात मिनिटांत काढायचे असतात. विजू पळायला लागली तेव्हा मी घड्याळ लावलं. पहिल्या फेरीत म्हणत होतो, दम लागू दे हिला. दुसऱ्या फेरीत गप्प बसलो. शेवटच्या फेरीत पुढच्या पोरीला मागे टाकलं तेव्हा मैदानाच्या कडेला कोण खुळा ओरडतोय म्हणून सगळे बघायला लागले, तर तो मीच होतो. सात मिनिटं पाच सेकंद. मी घड्याळ दोनदा झटकून पाहिलं.

मालोजींना सरळ विचारलं, “सुभेदारसाहेब, माणूस फौजेत जातो तरी का?”

ते म्हणाले, “माझंच घ्या. दौलतराव म्हणून दोस्त होता. त्याला एकट्याला भरतीला जायची लाज वाटत होती, म्हणून मी सोबत गेलो. त्याची छाती भरली नाही, माझी भरली. अठ्ठावीस वर्षं काढली. देशसेवा नंतर कळत गेली.” मग हसले. “पोरींना मी एक पान लिहायला सांगतो. एकीला लग्न पुढे ढकलायचंय. एकीच्या गावाला अजून रस्ता नाही. एकीला नुसते बूट आवडतात. ही बूटवाली टिकणार बघा.”

“आणि आमची?”

त्यांनी फाइल काढली, विजूचं पान वाचलं आणि परत मिटून ठेवलं. “ते तुम्ही तिलाच विचारा.”  मग म्हणाले, “तुम्ही कंपनीतून दोन नंबर गेटनं सुटता का?”

“हो. तुम्हाला कसं माहीत?”

“असंच.”

सिक्युरिटीला माणसं पुरवत असतील, फौजी लोकांचा तोच धंदा असतो पुढे. पण माणूस मोठा सभ्य. मी बसेपर्यंत स्वतः बसले नाहीत, चहा पहिला मला दिला आणि जाताना पार रस्त्यापर्यंत सोडायला आले. मला उगाच अवघडल्यासारखं झालं. मी म्हटलं, “अहो, कशाला, मी काय पळून जातोय?” ते हसले नाहीत. विजूने तिथं जाऊन हसणं सोडलंय, ते यांच्यामुळेच की काय.

एक गोष्ट इथंच लिहून ठेवतो. मला भीती वाटते. सीमेची वगैरे नाही, तेवढा मी शूर विचार करत नाही. घरात दोनच माणसं उरली तर मी रोजचे किस्से कुणाला सांगू? साधनाला सगळे पाठ आहेत.

२७ ऑक्टोबर, सोमवार

आज रीतसर बसून व्हाय-व्हाय केलं. विजू फौजेत का जातेय? कॉलेजात मन लागत नाही. का लागत नाही? पहिल्यापासून धावाधाव करायची सवय. ती का लागली? आईने लाड केले, लहानपणी घरात बसवलं नाही. उपाय: ऑपरेटरला समज देणे.

आता ऑपरेटर म्हणजे साधना, आणि साधनाला समज देणारा अजून जन्माला यायचाय. डोंगर पोखरून उंदीर काढला, आणि तोही आमच्याच घरातला.

कागद विजूला दाखवला. तिने वाचला आणि म्हणाली, “पप्पा, तिसऱ्यालाच थांबलात.”

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आज विनोद सुचत नाहीये. जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

पहिली शिफ्ट करून घरी आलो. साधना भाजी आणायला गेली होती. मी विजूला म्हटलं, “हरलो बाई. तूच सांग.”

ती म्हणाली, “मी विचारते, तुम्ही सांगा. तुमचा डबा का उघडतात?”

“रूल आहे.”

“रविराज साहेबांची गाडी का नाही उघडत?”

“ते साहेब आहेत.”

“मग तुम्ही चोवीस वर्षं का उघडून दाखवता?”

“नोकरी आहे बाई. तुझं शिक्षण, घर...”

“ते कळतं मला. पण मग हसता का?”

चौथा ‘का’.  तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याकडे या प्रश्नाला उत्तर आहे, पण ते बोलून दाखवण्यासारखं नाही.

मग पाचवा मीच विचारला. “त्या दिवशी, निकालाच्या, तू ‘आत्ताच आले’ का म्हणालीस?”

“पाऊण तास उभी होते, पप्पा. गेटच्या जाळीतून सगळं दिसत होतं. त्यांनी तुम्हाला ‘ए’ म्हटलं. तुम्ही एका पायावर उभं राहून मोजे काढत होता. सगळे हसले, आणि सगळ्यांत जोरात तुम्ही. बघितलं असं सांगितलं असतं तर तुम्ही तोच विनोद मलाही सांगितला असता.”

खरं आहे. सांगितलाच की. घरी येऊन अभिनयासकट सांगितला.

मी म्हटलं, “विजू, फौजेत काय कमी ओरडतात का? तिथं तर उठता बसता हुकूम. तुझी बॅगही उलटी करतील.”

“करू दे. माझी करतील आणि साहेबाचीही करतील.” मग नाक पुसून म्हणाली, “तुम्ही म्हणाला होता ना, मिलिटरी पोलीस म्हणजे गेटवर उभं राहायचं. मला गेटवरच उभं राहायचंय. मी सगळ्यांना तपासेन. पण तुमच्या वयाचा माणूस आला तर आधी नमस्कार करेन आणि मग बॅग मागेन. आणि त्याला हसावं लागणार नाही, एवढं मी बघेन.”

साधना आली तेव्हा आम्ही दोघं नुसतेच बसलो होतो. तिने विचारलं, काय झालं. विजू म्हणाली, “काही नाही, मूळ कारण सापडलं.”

सापडलं खरं. सुभेदारांना पाच दिवस आधीच माहीत होतं. माणूस मला रस्त्यापर्यंत सोडायला का आला ते आज कळलं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी फॉर्म घेऊन बसलो. ‘आपण पाल्यास सैन्यात का पाठवू इच्छिता?’ पेन्सिलीने लिहिलं, ‘घरात जागा कमी आहे म्हणून.’ खोडलं. ‘उंची वाया जाऊ नये म्हणून.’ तेही खोडलं. शेवटी पेनने लिहिलं, ‘तिने विचार करून ठरवलं आहे. आम्हाला तिचा अभिमान आहे.’ इतकं साधं वाक्य मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. खाली सही केली. 

संध्याकाळी विजूला मोशीला सोडून आलो. ट्रंक मी उचलली. साधना रडली. मीही रडलो, आणि धूळ फार आहे असं म्हणालो नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

सुटताना दोन नंबरला रांग. ज्योतीराम मागे उभा, मी आज कोणता विनोद सोडतोय याची वाट बघत. मी डबा उघडून धरला. ऋतिकने आत बॅटरी मारली आणि थांबला. मी काही बोललो नाही.  एक नंबरने साहेबांची गाडी निघून गेली, ती आम्ही सगळ्यांनी बघितली.

ऋतिक हळूच म्हणाला, “काका, बरं न्हाई का?”

“बरं आहे.”

त्याने मान खाली घातली, माझ्या हातातला डबा घेऊन झाकण स्वतःच लावलं आणि दोन्ही हातांनी तो परत माझ्या हातात दिला. “जावा काका.”

बसमध्ये चाकण चौक आला तेव्हा ज्योतीराम माझ्याकडे वळला. मग म्हणाला, “आज सुचलं नाही व्हय?”

सुचलं होतं. चांगलं होतं. इथंही लिहीत नाही.